सोनचाफ्याचं गणगोत आणि डॉ. जानकी अम्माल



खारदांड्यातून खार स्टेशनकडे येताना कुणाच्या टोपलीत सोनचाफा दिसला, तर सोबतच्या मुलांना विचारून बघा, या झाडाचे नातेवाईक कोण? पांढरा चाफा, नागचाफा अशी उत्तरं येतील. नावं सारखी, पण नातं लांबचं. सोनचाफा खरा सगोत्र आहे चीन-जपानकडच्या मॅग्नोलियाचा. जुन्या पुस्तकांत त्याचं शास्त्रीय नाव मिशेलिया होतं. डीएनए तपासल्यावर त्यालाही मॅग्नोलियात घेतलं गेलं.

डीएनए वाचायची सोय नव्हती, तेव्हा झाडांची नाती गुणसूत्रं मोजून शोधणारी एक भारतीय बाई होती. जानकी अम्माल. जन्म ४ नोव्हेंबर १८९७, केरळातल्या तलश्शेरीचा. बहिणींची लग्नं होत होती, जानकींनी शिक्षण धरलं. शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढं कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात त्यांनी उसाचा मक्याशीही संकर घडवला. १९३९ मध्ये आनुवंशशास्त्राच्या परिषदेसाठी एडिंबरोला गेल्या, तेवढ्यात महायुद्ध पेटलं, आणि त्या तिकडेच राहिल्या. डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीतल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश केला. तो १९४५ मध्ये निघाला.

आता मुद्द्याचं. मेंडेलनं वाटाणे घेतले कारण त्यांची पिढी एका हंगामात हाती येते. झाडाचं तसं नाही. बी लावून फूल बघायला वर्षं जातात. मग आजोबा-नातवाचा हिशोब करणार कधी? म्हणून झाडाची कुंडली पेशीतच वाचायची. सोनचाफ्याच्या पेशीत ३८ गुणसूत्रं असतात. विस्लीच्या बागेत जानकींनी मॅग्नोलियाच्या कोवळ्या रोपांच्या शेंड्यांना कोल्चिसीन लावलं. पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी करणारे धागे हे द्रव्य तयारच होऊ देत नाही. गुणसूत्रं दुप्पट होतात, वाटणी मात्र होत नाही. ३८ ची झाली ७६, पाकळ्या मोठ्या आणि जाडसर आल्या. त्यातल्या एका मॅग्नोलियाला त्यांचंच नाव मिळालं. (आपल्याकडच्या कळलावीतही हेच द्रव्य असतं. ती भयंकर विषारी आहे, मुलांना दुरूनच दाखवा.)

१९५१ मध्ये नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या परतल्या, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी बसवायला. नंतर थोडा काळ त्या आपल्या मुंबईतही होत्या, ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात. खारदांड्यासारखाच तिथंही कोळीवाडा आहे. मुलांना हे सांगितलं की बाई एकदम जवळच्या वाटतात, हा माझा अनुभव.

१९७० पासून मुक्काम मद्रासला. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत धरण बांधायचं ठरलं, तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या घरात. विरोध करणाऱ्यांत त्या होत्याच. शिवाय तिथल्या झाडांची गुणसूत्रं तपासायचं कामही त्यांनी हाती घेतलं. जंगल पाण्याखाली गेलं असतं तर लाकडाची किंमत कागदावर आली असती, त्या झाडांच्या वंशाची कुठेच नाही. मला त्यांचं हे काम कोशापेक्षाही मोठं वाटतं.

७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्या गेल्या. धरण तोवर रद्द झालं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान झाली.