डॉ. प्रफुल्लकुमार सेन : तीन तासांपलीकडचे आयुष्य

गडचांदूरच्या सिमेंट पट्ट्यात कुणाच्या छातीत कळ आली, की नातेवाईक आधी चंद्रपूर गाठतात आणि तिथून बहुधा नागपूर. हृदयरुग्णाचे समाधान मोजताना डॉक्टर पुरेसे बोलले का, परिचारिका कशा वागल्या, हे विचारले जाते. रुग्णाच्या मनातला पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो : हा उपचार आपल्याला परवडेल का? महापालिकेच्या रुग्णालयात या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे सुरुवातीचे शिक्षण नागपुरातच झाले होते.

जन्म 1915चा, कोलकात्यातला. पुढे मुंबईचे सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय, अमेरिकेत प्रशिक्षण आणि पुन्हा परळचे केईएम. तिथे येणारे रुग्ण सामान्य घरांतले. दाटीवाटीच्या वस्तीत लहानपणी घसा दुखून ताप येई, तो सांधे धरी आणि नकळत हृदयाची झडप जखडून जाई. ऐन तारुण्यात जिना चढताना धाप लागे. यावर सेन यांच्या पिढीतील शल्यविशारद धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी करीत. महागडे यंत्र लागत नसे. लागे ती छाती उघडण्याची हिंमत आणि नंतरची डोळ्यांत तेल घालून केलेली शुश्रूषा. सापाच्या हृदयस्नायूला आतल्या पोकळीतूनच रक्त मिळते, हे हेरून मानवी हृदयस्नायूला छिद्रे पाडण्याचा प्रयोगही त्यांनी केला.

फेब्रुवारी 1968 मध्ये, बर्नार्ड यांच्या पहिल्या हृदयरोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, सेन यांनी केईएममध्ये भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण जेमतेम तीन तास जगला. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही टिकला नाही. गरीब देशाला हे सोस कशाला, ही टीका झाली आणि ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती. शरीराने नवे हृदय नाकारू नये, यासाठीची प्रभावी औषधे तेव्हा जगातच नव्हती. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता भारतात 1994 साली मिळाली आणि त्याच वर्षी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये हृदयरोपण यशस्वी झाले.

ते पाहायला सेन नव्हते. 1982 मध्येच ते गेले. चरित्रकोशांत त्यांच्या नावापुढे ते तीन तासच ठळक दिसतात. झडप मोकळी झाल्यावर आपल्या पायांनी परळचा जिना उतरून घरी गेलेल्यांची नोंद तिथे सापडत नाही. त्यांचे सहकारी डॉ. जी. बी. परुळकर यांनी पुढे तो विभाग सांभाळला.