पी. बाळू : मैदानावरचे आणि मैदानाबाहेरचे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आपल्या मंडणगड तालुक्यात आहे, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण हेच बाबासाहेब वीस वर्षांचे असताना, म्हणजे आपल्यासारखेच बी.ए.च्या वर्गात शिकत असताना, एका क्रिकेट खेळाडूच्या सत्कारसभेत मानपत्र घेऊन उभे राहिले होते असे सांगतात. ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या कानावर आलेली नसते. तो खेळाडू म्हणजे पालवणकर बाळू. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी त्यांचे नाव पी. बाळू असे केले. पुढे सव्वीस वर्षांनी हेच दोघे एका निवडणुकीत समोरासमोर उभे राहिले. ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला बाळूंचा रागच आला होता. ज्यांनी आपले कौतुक केले त्यांच्याविरुद्ध माणूस उभा राहतोच कसा, असे वाटले. पण मनुष्य असा एका घटनेवरून तोलता येत नाही. म्हणून त्यांचे सगळे चरित्रच इथे मांडते आहे.

त्यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाडला झाला. घराणे मूळचे आपल्या कोकणातल्या पालवणचे, म्हणून पालवणकर. जात चांभार. वडील लष्करात होते, त्यामुळे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटे शिवराम खेळायला शिकले. घरची गरिबी होती. शाळा लवकर सुटली आणि पुण्याच्या पारशी क्रिकेट क्लबाच्या मैदानावर झाडलोट करण्याचे काम मिळाले. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे महिना ४ रुपये. काम काय, तर खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, सरावाची जाळी उभी करायची आणि साहेब सरावाला आला की त्याला चेंडू टाकायचे.

क्लबात ग्रेग नावाचा एक नामांकित इंग्रज फलंदाज होता. तो रोज इतरांच्या आधी येऊन बाळूंना गोलंदाजी करायला लावी. आपल्याला बाद केले की दर वेळी तो बाळूंना आठ आणे देई अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी धरली तर आठ वेळा ग्रेगला बाद केले की एका महिन्याचा पगार सुटला! मग चेंडूला उंची किती द्यायची, वळण किती द्यायचे, याचा अभ्यास माणूस का करणार नाही? मात्र त्या सगळ्या वर्षांत बाळूंना कुणी बॅट हाती धरू दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम, गोलंदाजी हे नोकराचे.

बाळू डावखुरे, मंदगती गोलंदाज. उजव्या हाताने खेळणाऱ्याला असा चेंडू टप्पा पडल्यावर पायांकडून बाहेर वळतो, आणि मोहाने बॅट पुढे गेली की स्लिपमध्ये झेल जातो. पण नुसते वळण असून भागत नाही. एक चेंडू उंच, पुढचा थोडा सपाट, एक टप्प्याला आखूड, त्यामागोमाग तसाच दिसणारा पण थेट आत येणारा, अशी फसवाफसवी त्यात असावी लागते. खेळपट्टीची नाडी ओळखावी लागते. मला आपले वाटते की जो माणूस वर्षानुवर्षे त्याच मातीवर रूळ फिरवतो, पाणी मारतो, त्याला ती माती कुठे धरेल आणि कुठे सोडेल हे मैदानावरच्या सगळ्या साहेबांपेक्षा जास्त कळत असणार. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात चाकरमानी गावी आले की वाडीवाडीत सामने लागतात. तेव्हाही कातळावरच्या मैदानात चेंडू कुठे उसळेल हे मुंबईहून आलेल्या खेळाडूला कळत नाही, आणि वाडीतल्या गुराख्याला बरोबर कळते.

पुण्यातील हिंदू खेळाडूंना गोऱ्यांच्या संघाला हरवायचे होते, आणि त्यासाठी बाळू हवे होते. यावरून मोठा खल झाला. काही ब्राह्मण खेळाडूंनी हरकत घेतली, तर काहींनी पाठिंबा दिला. खुद्द ग्रेगने वर्तमानपत्रातून सांगितले की अशा माणसाला वगळणे हा मूर्खपणा होईल. अखेर बाळू संघात आले. मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र इतरांना आत पेल्यातून चहा, आणि बाळूंना बाहेर मातीच्या मटक्यातून. जेवायचे पान वेगळे. तोंड धुवायचे झाले तर पाणी घालायलाही अस्पृश्य गडीच आणायचा.

पुढे हा संघ साताऱ्याच्या गोऱ्यांशी खेळायला गेला. बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून तिथल्या माणसाला आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवायला सांगितले होते असे म्हणतात. तरीही बाळूंनी ७ बळी घेतले. परत आल्यावर न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनीही त्यांचे जाहीर कौतुक केले अशी नोंद आहे. रानडे आणि टिळक यांचे एकमत होणे ही त्या काळच्या पुण्यात काही रोजची गोष्ट नव्हती. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्या पंक्तीलाही बसा, असे रानड्यांनी खेळाडूंना सुनावले होते म्हणतात.

नंतर बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातून ते खेळू लागले. हिंदू जिमखान्यातही पुण्याचाच वाद नव्याने उभा राहिला, आणि पुण्याप्रमाणेच त्यांच्या गोलंदाजीने तो मिटवला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. शेवटच्या डावात बाळूंनी निम्मा संघ बाद केला. बंगालच्या फाळणीचा आणि स्वदेशीच्या चळवळीचा तो काळ. साहजिकच लोकांना त्या विजयात खेळापलीकडचे बरेच काही दिसले. इंडियन सोशल रिफॉर्मर या मुंबईच्या साप्ताहिकाने तर एका चांभार खेळाडूला हिंदूंच्या संघात मिळालेल्या स्थानाकडे राष्ट्राच्या मुक्तीच्या वाटेवरची खूण म्हणून पाहिले.

इथे त्यांच्या चाहत्यांविषयी थोडे लिहिले पाहिजे. एखादा खेळाडू सतत जिंकू लागला की लोक त्याच्या यशाची वाटणी करू लागतात. शूमाकर हा जर्मन मोटारशर्यतपटू सात वेळा जगज्जेता झाला, तरी श्रेय माणसाचे की मोटारीचे हा वाद संपला नाही. बाळूंच्या बाबतीतही तेच झाले. कुणी श्रेय ग्रेग साहेबाला दिले, कुणी संघात घेणाऱ्या उच्चवर्णीयांच्या उदारपणाला, कुणी हिंदूंच्या एकजुटीला. आणि जवळजवळ सगळ्यांनी एका गुणाची तारीफ केली, ती म्हणजे त्यांच्या विनयाची. शांत स्वभाव, तोंडातून वावगा शब्द नाही, पंचाच्या निर्णयावर नाराजी नाही. हा विनय खोटा होता असे मी म्हणत नाही. पण मटक्यातून चहा पिणाऱ्या माणसाला रागावण्याची सोय कितीशी होती? ग्रेग जर मैदानावर चिडला असता तर लोकांनी त्याला तडफदार म्हटले असते. बाळू चिडले असते तर दुसऱ्या दिवशी संघाबाहेर गेले असते. त्यांच्या स्वभावाची स्तुती करणाऱ्यांनी हा हिशेब केलेला दिसत नाही. दलित वस्त्यांतल्या चाहत्यांनी मात्र तो केला असावा. त्यांना बाळूंच्या विनयापेक्षा बाळूंचे बळी जास्त प्रिय होते.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूंचे वय तेव्हा ३५, खांदा दुखरा. संघाच्या दृष्टीने दौरा वाईटच गेला, बहुतेक सामने हरले. महाराज स्वतः मैदानापेक्षा मेजवान्यांतच जास्त रमले. एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी मिळवले, आणि केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. इंग्लंडमधल्या जाणकारांनी मान डोलावली. ते परत आले तेव्हा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. सुरुवातीला सांगितले ते मानपत्र याच सभेतले. बाबासाहेबांच्या सार्वजनिक आयुष्याची ही कदाचित पहिलीच सभा असेल. एका सुभेदाराचा मुलगा, कॉलेजात शिकणारा, दुसऱ्या लष्करी माणसाच्या मुलाला मानपत्र देतो आहे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे त्या वीस वर्षांच्या तरुणाला त्या दिवशी काय वाटले असेल याचा मला थोडासा अंदाज करता येतो.

इतके होऊनही बाळूंना हिंदू संघाचे कप्तानपद कधी मिळाले नाही. १९१३ मध्ये शिवराम, गणपत, विठ्ठल हे तिघेही धाकटे भाऊ त्यांच्याबरोबर हिंदूंच्या संघात होते. एका आईचे चार मुलगे एका संघात! पण कप्तान झाले एम. डी. पै. पैंचा मोठेपणा असा की हा मान खरे तर बाळूंचा होता, असे त्यांनी आपल्या सत्काराच्या वेळी उघडपणे सांगितले. १९२० मध्ये पै आजारी पडले, तेव्हा कप्तानपद दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळूंना तर संघातूनच वगळले. विठ्ठलचा हक्क डावलला म्हणून विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून सामन्यातून अंग काढून घेतले. विनयाची परंपरा इथे संपली, आणि मला वाटते बरेच झाले. लोकांचा ओढा भावांकडे होता. पुढच्या सामन्यात पै परतले, भाऊही परतले, आणि ४४ वर्षांचे बाळू उपकप्तान झाले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. त्यांच्या वाट्याला आलेले कप्तानपद ते एवढेच. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल कप्तान झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरवले. लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले.

आता त्या निवडणुकीविषयी. १९३२ मध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देण्याच्या विरोधात गांधीजींनी येरवड्याला उपोषण केले. त्यातून २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्या करारावर आंबेडकरांची सही आहे, तशीच पी. बाळूंचीही आहे. पण दोघांचे रस्ते तेव्हाच वेगळे झाले होते. बाळू गांधीजींच्या बाजूला गेले. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, तीही बाळूंना पटली नाही. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध राखीव जागेवर बाळूंना उभे केले. वल्लभभाई पटेलांच्या आग्रहाखातर ते तयार झाले असे म्हणतात. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर अवघे दोन हजार वीस.

ही मते कुणाची, हा प्रश्न मला सारखा पडतो. काँग्रेसची असतील, पण त्यांत जुन्या चाहत्यांचीही असणारच. मैदानाच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला त्या दिवशी दोन आवडत्या माणसांतून एकाला निवडायचे होते. काँग्रेसने बाळूंच्या लोकप्रियतेचा वापर करून घेतला हे माझे स्पष्ट मत आहे. ज्या माणसाला मैदानावर कप्तान केले नाही, त्याला निवडणुकीच्या मैदानात मात्र सर्वांत अवघड सामन्याला पुढे केले. तरीही बाळू केवळ दुसऱ्याच्या हातातले बाहुले होते असे मला म्हणता येत नाही. आपल्या कामगिरीने विरोधकाचे मन वळवता येते हा त्यांचा पुण्यापासूनचा अनुभव होता, आणि त्यांचे राजकारण त्या अनुभवातूनच आले होते. बाबासाहेबांचा अनुभव वेगळा होता. चेंडू चांगला वळतो म्हणून एकाला आत घेतील, पण ज्याला चेंडू वळवता येत नाही त्याचे काय? तो तर तळ्याच्या बाहेरच राहील. १९२७ चा महाडचा सत्याग्रह त्याच्यासाठी होता. या बाबतीत मी बाबासाहेबांच्या बाजूची आहे. पण बाळूंवरचा माझा सुरुवातीचा राग आता उरलेला नाही.

भारताने पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. बाळू तेव्हा ५६ वर्षांचे होते. त्यामुळे कसोटीच्या कोष्टकांत त्यांचे नाव सापडत नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५ च्या आसपास, एवढे आकडे मागे राहिले आहेत. धाकट्या विठ्ठलनी १९४८ मध्ये मराठीत आत्मचरित्र लिहिले. बाळूंनी स्वतः काही लिहून ठेवलेले माझ्या वाचनात आले नाही. अलीकडे रामचंद्र गुहा यांनी क्रिकेटच्या इतिहासावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांच्यावर भरपूर लिहिले, तेव्हा कुठे हे नाव पुन्हा चर्चेत आले.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू वारले. अंत्ययात्रेला राजकारणातली माणसे होती आणि क्रिकेटमधलीही. मुंबईत प्रभादेवीला पी. बाळू मार्ग नावाचा रस्ता आहे. आपल्या तालुक्यातली किती तरी कुटुंबे दादर-परळच्या बाजूला राहिली आहेत. माझे मामाही तिथेच नोकरीला होते, आणि पी. बाळू म्हणजे कुणी तरी गिरणीतला पुढारी असावा अशी त्यांची समजूत होती.