न पाठवलेली पत्रे

मुलांनो, दूरच्या गावी आपला एखादा पत्रमित्र असावा असे पुष्कळांना वाटते. पण पहिले पत्र लिहायला बसले की गाडी मजकुरापाशीच अडते. कुशल कळवून झाले; पुढे काय लिहायचे? मौलाना अबुल कलाम आझाद यांना ही अडचण कधी पडली नाही. त्यांनी तुरुंगाच्या चार भिंतींत बसून मित्राला लांबलचक पत्रे लिहिली. ती टपालात पडणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते.

मौलानांचा जन्म 11 नोव्हेंबर 1888 रोजी मक्का येथे झाला. पुढे त्यांचे कुटुंब कलकत्त्याला आले. ते शाळेत कधी गेले नाहीत. सारे शिक्षण घरीच झाले. वाचनाचे वेड मात्र विलक्षण. 1903 साली, जेमतेम पंधराव्या वर्षी, त्यांनी ‘लिसान-उस-सिद्क’ हे मासिक काढले. 1912 मध्ये त्यांचे ‘अल-हिलाल’ निघाले आणि इंग्रज सरकार अस्वस्थ झाले. त्यांना रांचीला नजरकैदेत ठेवण्यात आले. नंतरही तुरुंगवास घडतच राहिला.

1942 साली ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. 8 ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव मंजूर झाला आणि 9 ऑगस्टच्या पहाटे पुढाऱ्यांना पकडण्यात आले. त्यांना घेऊन एक खास गाडी मुंबईहून निघाली. खडवलीच्या मुलांना ठाऊकच आहे की, कल्याणला लोहमार्गाचे दोन फाटे होतात. एक टिटवाळा, खडवलीवरून कसाऱ्याकडे जातो, तर दुसरा कर्जतवरून पुण्याकडे. ही गाडी दुसऱ्या फाट्याने गेली. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून घेतले. मौलाना, पंडित नेहरू, सरदार पटेल आणि इतर नेते अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात बंदिस्त झाले.

सुरुवातीला ना पत्र, ना वर्तमानपत्र. बाहेरच्या जगाशी संबंधच तुटला. तरीही दुसऱ्याच दिवशी, 10 ऑगस्टला, मौलानांनी लेखणी उचलली आणि आपले स्नेही मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्र लिहिले. शेरवानी अलीगढकडचे, वयाने वीसेक वर्षांनी मोठे. राजकारणात ते नव्हते. दोघांना जोडणारा धागा होता तो ग्रंथांचा आणि काव्याचा. मैत्रीला सारखी मते लागतातच असे नाही, हे या जोडीवरून दिसते.

या पत्रांत असते तरी काय? मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत, स्वतः चहा करत. चहा चिनी, दुधाशिवायचा. चहात दूध घालणाऱ्यांवर त्यांचा भारी राग! एका पत्रात या चहाचेच पुराण आहे. किल्ल्याच्या अधिकाऱ्याला त्यांनी चांदबीबीच्या काळातील एका किल्लेदाराचे, चीताखानाचे, नाव देऊन टाकले होते, तेही पत्रात आले आहे.

सर्वांत गोड हकीकत चिमण्यांची. त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली. दिवसभर कचरा खाली पडे. मौलानांनी आधी छत्री, मग बांबू घेऊन युद्ध पुकारले. चिमण्या पळत आणि पुन्हा येत. अखेर मौलानांनीच तह केला. ते तांदळाचे दाणे टाकून स्तब्ध बसू लागले. चिमण्या हळूहळू जवळ आल्या आणि एके दिवशी हातावर बसून दाणे टिपू लागल्या. मौलानांनी त्यांना मोती, कलंदर अशी नावेही ठेवली. देशाचा एवढा मोठा पुढारी, पण चिमणीच्या पिलाचे पहिले उड्डाण त्याने किती बारकाईने पाहिले! पत्राला मजकूर सापडत नाही म्हणणाऱ्यांनी ही हकीकत उर्दूतून अवश्य वाचावी. तुम्हांला तर ती मुळातूनच वाचता येईल.

मात्र सगळी पत्रे अशी हसरी नाहीत. 3 ऑगस्ट 1942 रोजी मौलाना कलकत्त्याहून निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम निरोप द्यायला दारापर्यंत आल्या होत्या. ती भेट शेवटची ठरली. 1943 मध्ये त्यांचा आजार बळावल्याची बातमी किल्ल्यात पोहोचली. सरकारला काही कळवायचे असेल तर ते पुढे पाठवू, असे अधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढायचे, त्याच्याकडे याचना करणे त्यांना मान्य नव्हते. हा निर्णय सोपा नव्हता. जेवणखाण, लेखन, सारे नित्यक्रम त्यांनी चालू ठेवले, पण मनाची शांती ढळली होती. 9 एप्रिल 1943 रोजी बेगमांचे निधन झाल्याचे कळले. दोन दिवसांनी त्यांनी मित्राला पत्र लिहिले. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. रोज दिसणारी ती कबर आता त्यांना आपलीशी वाटू लागली, असे त्यात आहे. एरवी दुःख बोलून न दाखवणाऱ्या माणसाने ते न पाठवायच्या पत्रात लिहून ठेवले.

1945 साली मौलाना सुटले. 1947 नंतर ते भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले आणि 22 फेब्रुवारी 1958 रोजी दिल्लीत वारले. ती पत्रे 1946 मध्येच ‘गुबारे-खातिर’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. ज्यांच्यासाठी ती लिहिली, ते शेरवानी साहेब तेव्हा हयात होते.