चोर जास्त म्हणून तो न्यूयॉर्कला गेला, आणि घरातल्या अलार्मचा धंदा उभा राहिला

घरासाठी अलार्म घ्यायला गेलं की दुकानदार एका दमात सुरू होतो. सेन्सर, कंट्रोल पॅनल, आर्म, मॉनिटरिंग. आपण मान डोलावतो आणि शेवटी फक्त किंमत विचारतो.

हे शब्द डोक्यात बसवायचे असतील, तर एडविन होम्स या माणसाची गोष्ट माहीत करून घ्या. शेरलॉकचा आणि याचा काही संबंध नाही. हा १८२० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मलेला पक्का धंदेवाला माणूस.

अलार्मचा शोध मात्र त्याचा नव्हे. २१ जून १८५३ रोजी त्याचं पेटंट मिळालं ते ऑगस्टस पोप या धर्मोपदेशकाला. कल्पना साधी होती. दारं-खिडक्यांना तारा जोडायच्या आणि त्या बॅटरीला लावायच्या. खिडकी उघडली की सर्किट पूर्ण व्हायचं, विद्युतचुंबकामुळे छोटी हातोडी हलायची आणि घंटी वाजायची. खिडकीवरच्या त्या जोडणीचं काम आज सेन्सर करतो. दारावर बसवतात त्याला कॉन्टॅक्टही म्हणतात.

यात खरी हुशारी पुढे आहे. चोराने दचकून खिडकी परत लावली, तरी घंटी थांबत नसे. आजही दार लोटून सायरन गप्प होत नाही, पॅनलवर कोड टाकावा लागतो. आर्म म्हणजे सिस्टीमला पहाऱ्यावर बसवणं आणि डिसआर्म म्हणजे पहाऱ्यावरून उठवणं, इतकंच.

होम्सने १८५७ मध्ये पोपकडून हक्क विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये धंदा सुरू केला. पोप त्याच वर्षी वारला. पण तेव्हा घरात विजेचा दिवासुद्धा आलेला नव्हता. तारेतून वीज जाते आणि ती पहारा देते, हे लोकांच्या गळी उतरवायचं कसं? १८५९ मध्ये होम्सने न्यूयॉर्क गाठलं. कारण काय, तर चोर तिथे जास्त, असं सांगतात. धंद्याचं गणित म्हणून बरोबरच आहे म्हणा! तिथे तो जाहिरातींत समाधानी गिऱ्हाइकांची नावं छापायचा. आपण आज रिव्ह्यू वाचतो, तोच प्रकार.

तरी एक भोक राहिलंच होतं. घंटी वाजणार घरात, पण घरात कुणी नसेल तर?

याचं उत्तर १८७० च्या दशकात आलं. बँका आणि दुकानांमधून निघालेल्या तारा एका कार्यालयात आणायच्या आणि तिथे रात्रभर माणूस बसवायचा. इशारा आला की तो पुढची हालचाल करणार. हेच सेंट्रल स्टेशन आणि हेच मॉनिटरिंग. नुसता सायरन बोंबलतो, त्याला लोकल अलार्म म्हणतात. शेजारी गावाला गेले असतील तर त्याचा उपयोग किती, ते तुम्हीच ठरवा.

मग आला टेलिफोन. १८७७ मध्ये होम्सच्या मुलाने बोस्टनमध्ये अलार्मच्याच तारांना टेलिफोन जोडून पाहिले. दिवसा त्यावर बोलणं, रात्री पहारा. म्हणजे नवं जाळं न टाकता एकाच तारेवर दोन धंदे. पुढे होम्स न्यूयॉर्कमधल्या बेल टेलिफोन कंपनीचा अध्यक्षही झाला. नंतर त्याने आपला हिस्सा विकला, पण टेलिफोनच्या तारा अलार्मसाठी वापरायचा हक्क स्वतःकडे ठेवला. त्याचा सगळ्यात शहाणा सौदा बहुधा हाच.

चोरांनीही मधल्या काळात तार कापायची युक्ती शिकून घेतली होती. पोपच्या पद्धतीत तार तुटली की घंटी मुकी. त्यावर उपाय क्लोज्ड सर्किट. त्यात वीज सतत वाहत असते आणि ती थांबली की अलार्म वाजतो, मग दार उघडलेलं असो की तार कापलेली.

होम्स १९०१ मध्ये वारला. चार वर्षांनी त्याचा धंदा अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीने विकत घेतला. आज अनेक पॅनलमध्ये तारेऐवजी सिमकार्ड असतं. दुकानात विचारायचं ते एवढंच, की सिमवरून मेसेज नक्की कुणाला जातो आणि नेटवर्क गेलं तर काय होतं.