बंदी असलेल्या बेटावरचा सौम्य धर्मगुरू



डोंगरावरील धन्यवचनांवर आम्ही प्रवचन केले, की मिस्सानंतर कोणीतरी आम्हाला हमखास गाठतो. सौम्य माणसे धन्य, हे चर्चमध्ये ऐकायला ठीक आहे. पण शेजारी दरवर्षी एक-एक तास बांध कोरीत असेल तर काय करायचे, असे तो विचारतो. प्रश्न खरा आहे. पायरीवर उभ्या-उभ्या आम्ही त्याला जे उत्तर देतो, ते आमचे आम्हालाच पुरते पटत नाही. म्हणून या वेळी एका माणसाची हकिकत सांगतो.

संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात, साष्टीतील बाणावली येथे आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घर कोंकणी, खाऊनपिऊन सुखी आणि भाविक. जोसेफ गोव्यात जेज्वीटांच्या महाविद्यालयात आणि डॉमिनिकन संन्याशांच्या विद्यालयात शिकले व १६७६ मध्ये धर्मगुरू झाले. तो काळ पोर्तुगीजांचा. कितीही शिकला तरी गोव्याच्या धर्मगुरूला युरोपियन संन्यासी संघांत सहसा प्रवेश मिळत नसे. आपल्याच ख्रिस्तसभेत आपल्याला खालची पायरी मिळते, हे पाहून कोणाचेही रक्त तापेल. वाझ यांनी या अपमानावर कोठे आकांडतांडव केल्याचे दिसत नाही. १६८५ मध्ये जुन्या गोव्यात काही गोवेकर धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थना करीत होते. वाझ त्यांना जाऊन मिळाले. त्यांनीच त्यांना प्रमुख नेमले आणि त्यातून संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीची गोव्यातील शाखा उभी राहिली. हा एतद्देशीय धर्मगुरूंचा स्वतःचा संघ होता.

त्याआधी १६८१ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी कानडा प्रांतात, म्हणजे मंगळूर, बसरूर, कल्याणपूर या भागात सेवा केली. तेथे पोर्तुगालच्या राजाच्या हक्काने नेमलेले अधिकारी आणि रोमने नेमलेले बिशप यांच्यात मोठा वाद होता. खरा धर्मगुरू कोण, हेच लोकांना कळेना. वाझ यांना गोव्याने पाठवले होते. तरी त्यांनी वाद वाढवला नाही; लोकांचे संस्कार अडू नयेत, एवढे पाहिले. दोन मोठ्यांच्या भांडणात गरिबाचा बाप्तिस्मा खोळंबू नये, हे ज्याला सुचते तो आम्हाला शहाणा वाटतो.

पण त्यांच्या मनाला ओढ होती ती श्रीलंकेची. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून घेतले. डच हे कॅल्विनपंथी. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले आणि परत येण्यास बंदी केली. जवळजवळ तीस वर्षे तेथील कॅथलिकांना मिस्सा नव्हती. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेषात, सोबत जॉन नावाचा आपला सेवक घेऊन, जाफन्यात उतरले. उतरले तेच हगवणीने मरणाला टेकलेले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागू लागले. ती माळ पाहून ज्याचे डोळे चमकत, तो कॅथलिक, एवढीच खूण. मग रात्री बंद दाराआड मिस्सा होई.

येथे थोडे थांबू. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटल वाचला. सौम्यता म्हणजे राग नसणे, असे तो मानीत नाही. रागवायला हवे तेथेही जो रागवत नाही, त्याला तो मूर्खातच जमा करतो. संत थॉमस अक्विनास यांनीही सौम्यता ही रागाला लगाम घालणारी शक्ती मानली. वाझ यांनी डचांचा कायदा मोडला, हे विसरू नये. ते घरी बसले नाहीत आणि बंदी मान्य करून गप्पही राहिले नाहीत. बांध सोडून दिला नाही, असे आपल्या भाषेत म्हणू. मात्र कोणावर हात उगारला नाही आणि कोणाला शाप दिला नाही.

१६९२ मध्ये ते डोंगरातील कँडी या स्वतंत्र राज्यात गेले. दरबारात असलेल्या एका फ्रेंच कॅल्विनपंथी माणसाने त्यांना पोर्तुगीजांचा हेर ठरवले आणि राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना कैदेत टाकले. कैदेत ते सिंहली शिकले. पहारा सैल झाला तेव्हा त्यांनी आवारातच झोपडीवजा चर्च उभारले. पुढे मोठा दुष्काळ पडला. राजाच्या सांगण्यावरून त्यांनी चौकात वेदी आणि क्रूस मांडून प्रार्थना केली व पाऊस आला, अशी परंपरा आहे. आकाशाकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय, हे आपल्या लोणीकरांना वेगळे सांगायला नको. राजाने त्यांना मोकळे केले.

याहून मोठी गोष्ट आम्हाला १६९७ ची वाटते. कँडीत देवीची साथ आली. लोक शहर सोडून पळाले आणि आजाऱ्यांना रानात टाकून दिले. वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. कोणाचा धर्म न विचारता त्यांनी फोड धुतले, अन्न भरवले, मेलेल्यांना माती दिली. ज्या दरबाराने हेर म्हणून कैद केले होते, त्याच दरबाराने मग त्यांना राज्यात खुलेपणाने धर्मकार्य करू दिले.

पुढे पोपच्या प्रतिनिधीने त्यांना बिशप करण्याचे मनात आणले. त्यांनी नको म्हटले आणि साधे मिशनरीच राहिले. गोव्याहून आलेल्या तरुण धर्मगुरूंना ते गावे वाटून देत आणि अवघड वाटा स्वतःकडे ठेवीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचे निधन झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये त्यांना धन्यवादित आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी संत घोषित केले. दोन्ही सोहळे कोलंबोतच झाले, जेथे एके काळी त्यांना लपूनछपून जावे लागे. कँडीतले ते जुने चर्च पुढे राहिले नाही, आणि त्यांचे थडगेही आज कोणाला दाखवता येत नाही.