कणही वाया न घालवणारी गृहिणी : बहिणाबाई चौधरी

महिला मंडळांच्या सभांत काटकसर हा विषय वारंवार निघतो. खर्चाची वही कशी ठेवावी, उरल्यासुरल्या अन्नाचे काय करावे, जुन्या कपड्यांचा उपयोग कसा करावा, यांवर पुष्कळ बोलले जाते. परंतु अक्षरओळख नसलेली, खर्चाची वही कधी हाती न धरलेली एक शेतकरी बाई या सगळ्या शास्त्रात आपणा सर्वांच्या पुढे होती. ती म्हणजे खानदेशची बहिणाबाई चौधरी. कवयित्री म्हणून तिचे नाव घरोघर पोचले आहे. गृहिणी म्हणून तिची ओळख त्या मानाने कमी आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती ओळख करून घेणे योग्य होईल.

बहिणाबाईंचा जन्म 1880 साली नागपंचमीच्या दिवशी जळगावजवळच्या असोदे या गावी झाला. आईचे नाव भिमाई आणि वडिलांचे उखाजी महाजन. घर शेतकऱ्याचे, भावंडे पुष्कळ. मुलीला शाळेत घालावे असे त्या काळी खेडेगावात कोणाच्या मनातही येत नसे. तिची शाळा म्हणजे शेताचा बांध, गोठा आणि चूल. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती चौधरींच्या मोठ्या घरात सून म्हणून आली.

शेतकऱ्याच्या घरची काटकसर आणि पगारदाराच्या घरची काटकसर यांत मोठा फरक आहे, तो प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. पगारदाराच्या घरी दर महिन्याला पैसा येतो. एका महिन्यात हात सैल सुटला तर पुढच्या महिन्यात आवळता येतो. शेतकऱ्याच्या घरी लक्ष्मी येते ती सुगीच्या दिवसांत. त्यावेळी खळ्यावर जी रास पडेल तिच्यावर पुढची सुगी येईपर्यंत सारे घर जगवायचे असते. माणसे, बैल, दारी येणारा पाहुणा, बलुतेदार आणि पुढच्या वर्षाचे बियाणे हे सगळे त्या एका राशीतले वाटेकरी. पाऊस चुकला तर ती रासही नाही. हा हिशेब कागदावर कोणी मांडत नसे. तो घरातल्या बाईच्या डोक्यात असे.

खानदेशची काळी जमीन कापसाची आणि ज्वारीची. कापूस विकून रोख पैसा येई, ज्वारीने पोट भरे. या दोन पिकांतले काय वाया जात असे म्हणाल, तर काही नाही. ज्वारीचे कणीस काढून घेतले की उरलेला कडबा बैलांचा. कापसातून निघालेली सरकी दुभत्या जनावरांची. कापसाची वाळलेली झाडे, म्हणजे पऱ्हाट्या, उपटून बांधून आणल्या की चुलीचे सरपण झाले. चुलीतली राख भांडी घासायला आणि कडधान्यात मिसळून कीड आवरायला. शेणाच्या गोवऱ्या जळणाला, पातळ शेण सारवणाला आणि बाकीचे खताला. खत पुन्हा शेताला. चक्र असे फिरत राही आणि ते फिरते ठेवण्याचे काम बहुतांशी बायकांच्या हातांनी होई.

धान्य खळ्यावरून घरात येण्यापूर्वी उपणावे लागते. वारा पडला असेल तर हातात पाटी घेऊन त्याची वाट पाहत उभे राहावे लागते, कारण वाऱ्याशिवाय दाणा आणि भूस वेगळे होत नाहीत. त्या वाट पाहण्यावर बहिणाबाईंनी गाणे केले आहे. उपणलेले धान्य उन्हात खडखडीत वाळवायचे, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत भरायचे आणि त्यात कडूनिंबाचा पाला घालायचा. त्याआधी उत्तम दाणा बियाणे म्हणून बाजूला काढून ठेवायचा. घरात कितीही ओढ लागली तरी त्या दाण्याला हात लावायचा नाही, हा शेतकरी गृहिणीचा पहिला नियम. आज पोट भरण्यासाठी उद्याचे शेत खाऊ नये, एवढा अर्थ त्यात आहे.

मग येई दळण. पहाटे कोंबडा आरवण्याच्या सुमारास उठावे आणि जात्यावर बसावे. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. दिवसाच्या भाकरीपुरते पीठ रोज दळायचे. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले तर भाकरी थापताना तुटते, म्हणून रोजचे दळण हाच शहाणपणा. ज्वारीत उडीद मिसळून दळले की कळण्याची भाकरी होते. ती पोटाला धरून राहते आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ली तर दुसऱ्या कालवणाची फारशी वाट पाहावी लागत नाही. पाखडताना निघालेला कोंडा गोठ्यात जाई, सुपातून सांडलेला दाणा चिमण्या-कोंबड्यांच्या वाट्याला जाई.

उन्हाळ्यात शेताचे काम थोडे सैल झाले की बायकांना विसावा मिळे असे नाही. तेव्हा वाळवणाचे दिवस सुरू होत. उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, शेवया, कुरडया, सांडगे. गहू भिजवून, वाटून त्याचा चीक काढायचा आणि त्याच्या कुरडया घालायच्या. खाली उरलेला चोथा टाकून न देता त्याच्या भुसवड्या करायच्या. पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की हेच डबे उघडायचे. शेजारणी एकमेकींच्या अंगणात जाऊन हात लावीत, त्यामुळे मजुरी पडत नसे आणि चार शब्दही बोलता येत. अशा अंगणांतच आपल्या महिला मंडळांची पहिली बीजे रुजली असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

कापडाचीही हीच गोष्ट. नऊवारी लुगडे मध्ये विरले की विरलेला भाग कापून टाकून चांगल्या बाजू जोडून घ्यायच्या. त्याला दंड घालणे म्हणतात. असे लुगडे आणखी काही दिवस अंगावर निघे. त्यानंतर त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की बाळाची दुपटी, आणि शेवटच्या चिंधीचे पोतेरे. एका लुगड्याने घरातल्या तीन पिढ्यांची सेवा केलेली असे.

बहिणाबाईंचा संसार असा सुरळीत चालला असता तर कदाचित तो इतर हजारो संसारांसारखाच राहिला असता. परंतु वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांच्यावर वैधव्याची कुऱ्हाड कोसळली. पदरी ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी. सोपानचा जन्म 1907 सालचा, म्हणजे तो अगदीच लहान होता. ओंकारला प्लेगने कायमचे अपंगत्व आले. घरची ओढाताण वाढली. त्या काळी तरुण विधवेकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे हे जाणत्या भगिनींना सांगावयास नको. अशा वेळी काटकसर हा गुण राहत नाही, ती जगण्याची अट होते.

म्हणून येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जुन्या बायकांच्या काटकसरीचे गोडवे गाताना आपण त्यांच्या हालांचे गोडवे गात नाही ना, हे पाहिले पाहिजे. ओल्या सरपणाच्या धुराने डोळे चुरचुरणे, दळून दळून तळहाताला घट्टे पडणे, आपल्या ताटात उरलेसुरलेच वाढून घेणे, यांत भूषण काही नव्हते. बहिणाबाईंच्या चरित्रातून शिकायचे ते हाल नव्हे. शिकायची ती हालांतही शाबूत राहिलेली नजर. कंजूष माणूस वस्तू दाबून ठेवतो, कारण त्याचा जीव वस्तूत अडकलेला असतो. काटकसरी माणूस वस्तूची किंमत ओळखतो आणि तिला तिच्या योग्य कामाला लावतो. बहिणाबाईंनी माणसाच्या हावरेपणावर फार कडक बोल सुनावले आहेत. जनावर खाल्ल्या अन्नाची जाण ठेवते आणि माणूस विसरतो, हे दु:ख त्यांच्या गाण्यांत आहे. ज्या बाईने आयुष्यभर कणाकणाची राखण केली तिलाच हाव आणि काटकसर यांतला भेद इतका स्वच्छ दिसला.

ही नजर त्यांनी शब्दांकडेही वळवली. जात्यावर, चुलीपुढे, शेताच्या वाटेवर जे दिसे त्याचे त्या गाणे करीत. पेरणी, मोट, पोळा, आखाजीचा सण, सुगरणीचे घरटे, चुलीवरचा तवा, बाभळीचा काटा, काही वाया घालवले नाही. जळगावातला छापखाना पाहून त्यावरही त्यांनी गाणे केले, आणि छापलेले एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हते! भाषा घरची, लेवा गणबोली. शब्द मोजके. एखादी सुगरण चिमूटभर मिठाने भाजीला चव आणते, तसे दोन शब्दांत त्या संसाराचे मर्म सांगून जात.

परंतु घरातल्या या सगळ्यांत मोलाच्या धान्याला कणगी नव्हती. गाणे ओठांवर येई आणि कामाबरोबर वाऱ्यावर जाई. मुलगा सोपानदेव शिकला आणि स्वत: कवी म्हणून नावारूपाला आला. त्याने आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईची काही गाणी वहीत उतरवून ठेवली. ज्या वेळी कोणी ऐकत नव्हते त्या वेळची गाणी मात्र कायमची गेली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाईंनी जळगावात देह ठेवला. त्यांच्या हयातीत त्यांचे एकही पुस्तक निघाले नाही. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी त्या गाण्यांचे मोल तत्काळ ओळखले, ती प्रसिद्ध झालीच पाहिजेत असा आग्रह धरला, आणि 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक बाहेर आले. त्यात 35 कविता होत्या. एवढ्या लहान पुस्तकाने साऱ्या महाराष्ट्राला वेड लावले. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला या निरक्षर बाईचे नाव देण्यात आले.

भगिनींनो, पंधरा-सतरा शब्दांचे पत्रही ज्या बाईला लिहिता आले नसते, तिच्या नावाच्या पदव्या घेऊन आज मुली बाहेर पडतात, ही गोष्ट अभिमानाची खरीच. पण तिच्या मागे एक हुरहूर आहे. ती वही नसती तर काय झाले असते? आणि ज्यांचा सोपान शिकला नाही अशा किती बहिणाबाई आपापल्या घरोटाशी तशाच संपून गेल्या असतील?

आपल्या घरांत आजही आजी आहेत, सासूबाई आहेत, मावशी आहेत. कोणत्या महिन्यात कोणते धान्य भरावे, पाऊस लांबला तर घर कसे चालवावे, कोणत्या दुखण्याला कोणता पाला, कोणत्या सणाला कोणते गाणे, हे त्यांच्या मुखी आहे. आपण डाळ-तांदुळाचा हिशेब ठेवतो, पण हे धन रोज सांडत असते आणि आपण ते सुपात धरीत नाही. मंडळाच्या प्रत्येक भगिनीने या वर्षी एक कोरी वही घ्यावी, दुपारच्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसावे आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत, काहीही न सुधारता लिहून ठेवावे. खर्च एका वहीचा. बहिणाबाईंना हा हिशेब नक्कीच पटला असता.