लोहाराचा मुलगा, प्रयोगशाळा आणि बायबल : मायकेल फॅरेडे यांचे जीवन

विज्ञान आणि ख्रिस्ती धर्म यांचा विषय निघाला की आपल्याकडे गॅलिलिओचे नाव घेतले जाते, नंतर डार्विनचे, आणि चर्चा तिथेच संपते. धर्मसत्ता एका बाजूला, विज्ञान दुसऱ्या बाजूला, असे सरळ चित्र उभे राहते. मायकेल फॅरेडे यांचे आयुष्य या चित्रात बसत नाही. आज ज्या विजेवर आपले घर, कारखाना आणि हातातला मोबाईल चालतो, ती वीज यंत्राने निर्माण करण्याची वाट या माणसाने दाखवली. हाच माणूस बायबलचे अक्षर न् अक्षर प्रमाण मानत होता. त्यातही तो राजाच्या, बिशपांच्या चर्चचा नव्हता. तो एका लहानशा, उपेक्षित पंथाचा होता आणि लोहाराच्या घरात जन्मला होता.

जन्म 22 सप्टेंबर 1791, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स येथे. वडील जेम्स फॅरेडे उत्तर इंग्लंडमधून पोट भरायला आलेले. भाता, ऐरण आणि घण एवढीच त्यांची मिळकत, आणि तब्येत इतकी खालावलेली की अनेक दिवस कामावर जाणे होत नसे. महागाईच्या एका काळात लहान मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा आणि तोच पुरवून खावा लागायचा, असे सांगितले जाते. शाळेत लिहिणे, वाचणे, जुजबी गणित एवढेच झाले. पुढे आयुष्यभर त्यांना उच्च गणित आले नाही, ते याच कारणाने.

घरचा पंथ होता सँडेमनियन. स्कॉटलंडमध्ये जॉन ग्लास नावाच्या धर्मोपदेशकाने चर्च आणि राजसत्ता यांचे लग्न बायबलला मान्य नाही असे म्हटले, म्हणून तिथल्या अधिकृत चर्चने त्याला काढून टाकले. त्याचा जावई रॉबर्ट सँडेमन याने हा विचार पुढे इंग्लंडमध्ये नेला. या पंथात पगारी पुरोहित नव्हता. मंडळीतलेच कारागीर, दुकानदार वडीलधारे म्हणून निवडले जात आणि तेच प्रवचन देत. रविवारी सगळे एकत्र जेवत. संपत्ती साठवून ठेवणे निषिद्ध होते, गरजूला देणे कर्तव्य होते. पण बायबलच्या अर्थावर मतभेद चालत नसे. निर्णय एकमतानेच व्हायचा आणि जो सहमत होत नसे त्याला बाहेर जावे लागे. समता आणि कठोरपणा दोन्ही एकाच छपराखाली नांदत होते, हे लक्षात ठेवायला हवे.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरच्या माणसाला ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पदवी मिळू शकत नव्हती. ही अट शिथिल व्हायला 1850 चे दशक उजाडले आणि पूर्णपणे सुटायला 1871 साल. म्हणजे फॅरेडे यांच्यासाठी विद्यापीठाचे दार दोनदा बंद होते, एकदा गरिबीने आणि एकदा धर्माने. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

तेराव्या वर्षी मायकेल ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. वर्तमानपत्रे घरोघर पोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे काम. पुढच्या वर्षी सात वर्षांच्या करारावर तो पुस्तकबांधणी शिकू लागला. खळ लावणे, जुजबंदी शिवणे, चामड्याचे पुठ्ठे चढवणे. दिवसा बांधायला आलेली पुस्तके तो रात्री वाचायचा. विश्वकोशाचा एक खंड बांधायला आला, त्यातला विजेवरचा लेख त्याने वाचून काढला. जेन मार्सेट या बाईंनी स्वतःचे नाव न छापता लिहिलेले रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तक हाती पडले. त्यातले प्रयोग तो चार पैसे खर्चून दुकानातच करून बघू लागला. पुस्तकात लिहिले आहे म्हणून खरे, हे त्याने रसायनशास्त्रात कधी मानले नाही. करून पाहिले, तेव्हाच विश्वास ठेवला. मोठे झाल्यावर ते मार्सेट बाईंना आपली पहिली गुरू मानत राहिले. विज्ञानाच्या इतिहासात या बाईंचे नाव इतके मागे का पडले, हा प्रश्न वेगळ्या लेखाचा आहे.

शहरात कारागीर तरुणांसाठी विज्ञानाची व्याख्याने होत, एका व्याख्यानाला एक शिलिंग. तो शिलिंग थोरला भाऊ रॉबर्ट द्यायचा, जो स्वतः लोहारकाम करत होता. 1812 मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हंफ्री डेव्ही यांच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने टिपणे काढली, आकृत्यांसह स्वच्छ लिहून काढली, सुमारे तीनशे पानांचे पुस्तक स्वतःच्या हाताने बांधले आणि डेव्ही यांना पाठवून दिले. जे कौशल्य पोटासाठी शिकले होते, तेच अर्ज म्हणून कामी आले. प्रयोगशाळेतला मदतनीस भांडण करून नोकरी गमावून बसला, तेव्हा 1 मार्च 1813 रोजी त्या जागी फॅरेडे यांची नेमणूक झाली. आठवड्याला एक गिनी पगार आणि माळ्यावरच्या दोन खोल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेव्ही पत्नीसह युरोपच्या दौऱ्यावर निघाले. त्यांच्या खासगी नोकराने ऐन वेळी नकार दिला, आणि शास्त्रीय मदतनीस म्हणून निघालेल्या फॅरेडे यांच्याकडे त्या नोकराचे कामही आले. लेडी डेव्ही त्यांना नोकरासारखेच वागवत, नोकरांच्या पंगतीला जेवायला बसवत. दीड वर्ष त्यांनी हे सोसले. पॅरिस, जिनिव्हा, रोम पाहिले, व्होल्टा आणि अँपिअर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना भेटले, आणि मित्राला लिहिलेल्या पत्रांतून अपमानाची सल मोकळी केली. इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. डेव्ही स्वतः काही सरदार घराण्यातले नव्हते. एका लाकूडकोरीव कारागिराचा मुलगा होते. वर चढलेल्या माणसाने शिडी ओढून घ्यावी तसे पुढे 1824 मध्ये घडले. फॅरेडे यांचे नाव रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी आले, तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्ही यांनी विरोध केला. तरी निवड झाली. विरोधात मत एकच पडले होते.

दरम्यान जून 1821 मध्ये त्यांचे लग्न झाले. पत्नी सारा बर्नार्ड याच पंथातली. महिनाभरात फॅरेडे यांनी मंडळीपुढे उभे राहून रीतसर श्रद्धेची कबुली दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. विजेच्या मोटारीचे बीज ते हेच. दहा वर्षांनी, 29 ऑगस्ट 1831 रोजी, लोखंडी कड्यावर दोन बाजूंना तारेची वेटोळी गुंडाळून त्यांनी एका बाजूला बॅटरी जोडली. दुसऱ्या बाजूची चुंबकसूची क्षणभर हलली आणि स्थिरावली. बॅटरी काढली, तेव्हा उलट दिशेला हलली. त्या क्षणभराच्या हालचालीत ट्रान्सफॉर्मर दडलेला होता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून सतत वाहणारा विद्युतप्रवाह मिळवला. पुढच्या सगळ्या जनित्रांचा तो पूर्वज.

या संशोधनात श्रद्धेचा वाटा काय होता? हा प्रश्न टाळून फॅरेडे समजत नाहीत. सृष्टी एकाच कर्त्याची आहे, म्हणून वीज, चुंबकत्व, उष्णता, प्रकाश या शक्ती मुळात एकमेकींशी नात्यात असणार, अशी त्यांची धारणा होती. म्हणून ते ही नाती शोधत राहिले. 1845 मध्ये चुंबकाचा परिणाम प्रकाशावर होतो हे त्यांनी सिद्ध केले. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचेही नाते असेल म्हणून वजने उंचावरून टाकून बघितली, काही मिळाले नाही, आणि काही मिळाले नाही असेच त्यांनी प्रामाणिकपणे छापले. श्रद्धेने प्रश्न पुरवला, उत्तर मात्र त्यांनी प्रयोगावर सोडले. त्यांच्या प्रयोगवहीत क्रमांक घातलेले परिच्छेद सोळा हजारांहून अधिक आहेत. त्यांत बायबलचा आधार देऊन निकाल लावलेला नाही. आपल्या धर्मग्रंथात सगळे शोध आधीच लिहून ठेवले आहेत, असे सांगणाऱ्यांचा सध्या सुकाळ आहे. त्यांना ही वही दाखवावी.

1844 साल त्यांच्या आयुष्यात जड गेले. 1840 पासून ते मंडळीचे वडीलधारे होते, आळीपाळीने प्रवचन देत होते. मार्च 1844 मध्ये मंडळीने त्यांना बाहेर काढले. राणी व्हिक्टोरियाच्या जेवणाच्या आमंत्रणामुळे एका रविवारची प्रार्थना चुकली आणि त्याची शिक्षा झाली, ही गोष्ट शंभर ठिकाणी छापलेली आहे, पण तिला पुरावा नाही. मंडळीत शिस्तीच्या प्रश्नावर मोठा वाद झाला होता आणि त्यात अनेकांना एकदमच काढले गेले, फॅरेडे त्यांतले एक. काही आठवड्यांत त्यांना परत घेतले, पण वडीलधाऱ्याचे पद परत मिळायला 1860 उजाडले. जगभर ज्यांचे नाव झाले होते तो शास्त्रज्ञ कारागिरांच्या मंडळीपुढे मान खाली घालून उभा राहिला. याला नम्रता म्हणावे की शरणागती? मला दोन्ही दिसतात.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी डरहॅम परगण्यातल्या हॅसवेल कोळसाखाणीत स्फोट होऊन 95 माणसे आणि मुले मेली. कामगारांच्या वकिलाने पाठपुरावा केल्यावर सरकारने फॅरेडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना पाठवले. पंचांनी मृत्यू अपघाती ठरवले, मालकावर ठपका आला नाही, आणि या दोघांनीही त्या निर्णयाला हरकत घेतली नाही. ही त्यांची मर्यादा. पण नुसत्या वायूने एवढा संहार होत नाही, हवेत उडालेली कोळशाची भुकटी पेटून स्फोट पसरतो, हे त्यांच्या अहवालात स्पष्ट होते. खाणमालकांनी त्याकडे कित्येक दशके कानाडोळा केला, आणि माणसे मरत राहिली.

आता 1853 कडे येऊ. लंडनमध्ये टेबल फिरवण्याचे खूळ शिगेला पोचले होते. माणसे टेबलाभोवती बसून त्यावर हात टेकवत आणि टेबल हलू लागे. कोणी म्हणे आत्मे, कोणी म्हणे वीज, कोणी म्हणे सैतान. आपल्याकडच्या शिकलेल्या घरांतले प्लँचेट याच कुळातले. विजेचे नाव घेतले जात होते म्हणून लोक फॅरेडे यांना विचारू लागले. त्यांनी कोणाला खोटारडे ठरवले नाही. पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट द्रव्याने एकमेकांवर बसवून ते टेबलावर ठेवले आणि लोकांना त्यावर हात ठेवायला सांगितले. टेबल स्वतःहून फिरत असते, तर खालचा थर आधी सरकला असता. सरकला तो वरचा, हाताकडचा. मग त्यांनी गवताच्या काडीचा काटा जोडला, जो हाताचा किंचित दाबही दाखवे. काटा बसलेल्यांच्या नजरेआड असला की टेबल फिरे. काटा डोळ्यांसमोर आला की टेबल फिरणे बंद. माणसे फसवत नव्हती, नकळत ढकलत होती. हा निष्कर्ष त्यांनी वर्तमानपत्रात छापला आणि शिकलेल्या लोकांची ही अवस्था असेल तर शिक्षणपद्धतीतच खोट आहे, असे खडसावून सांगितले.

त्याच विचारातून मे 1854 मध्ये त्यांनी राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या उपस्थितीत बुद्धीच्या शिक्षणावर व्याख्यान दिले. आपल्याला जे खरे असावेसे वाटते, त्याचीच कसून तपासणी करा. मन आपल्या बाजूचा पुरावा गोळा करण्यात पटाईत असते. निर्णय राखून ठेवायला शिका, असा त्याचा आशय. विवेकवादी चळवळीच्या कुठल्याही शिबिरात आजही वाचावे असे ते भाषण आहे. पण सुरुवातीलाच त्यांनी एक कुंपण घातले. हे सारे नियम ऐहिक गोष्टींसाठी आहेत, परलोकाविषयीची श्रद्धा तर्काने मिळत नाही, म्हणून ती या तपासणीच्या बाहेर, असे त्यांनी सांगून टाकले. प्रामाणिकपणे, उघडपणे, पण स्वतःच्या देव्हाऱ्याला कसोटी न लावता. टेबलावरच्या हातांखाली त्यांनी काटा बसवला. स्वतःच्या श्रद्धेखाली तो बसवला नाही. मला इथे त्यांचा तर्क थांबलेला दिसतो, आणि हे त्यांच्याविषयीच्या आदराला धक्का न लावता म्हणता येते. या कुंपणाची दुसरी बाजूही आहे. त्यांनी धर्माचे नाव घेऊन कोणाच्या शोधाला अडवले नाही, आणि शोधाचे नाव घेऊन धर्माचा प्रचारही केला नाही. त्यांचे सहकारी जॉन टिंडल धर्माबाबत उघड संशयवादी होते. 1874 मध्ये बेलफास्टच्या भाषणात त्यांनी निसर्गाच्या अभ्यासावर धर्मशास्त्राचा हक्क नाही असे ठणकावले, तेव्हा चर्च खवळून उठले. त्याच टिंडलनी फॅरेडे यांच्याविषयी विलक्षण प्रेमाने पुस्तक लिहिले होते.

उतारवयात त्यांची स्मरणशक्ती झपाट्याने गेली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले, सर ही पदवी नाकारली. 1855 च्या उन्हाळ्यात टेम्स नदीत बोटीतून पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे टाकून त्यांनी पाणी किती गढूळ झाले आहे ते पाहिले. इंचभर बुडण्याआधी तुकडा दिसेनासा होत होता. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून इशारा दिला. तीन वर्षांनी नदीच्या दुर्गंधीने संसद हैराण झाली, तेव्हा गटारांच्या कामाला पैसे मंजूर झाले.

ज्या बलरेषा त्यांनी गणिताविना नुसत्या लोखंडाच्या किसात पाहिल्या होत्या, त्यांना जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी समीकरणांचे रूप दिले. रेडिओ तिथून निघाला.

25 ऑगस्ट 1867 रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरात, खुर्चीत बसल्या बसल्या फॅरेडे गेले. अंत्यविधी साधा झाला. न्यूटन जिथे पुरला आहे त्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांना पुरले नाही. हायगेट स्मशानभूमीत अँग्लिकन चर्चबाहेरच्या लोकांसाठी वेगळी राखलेली जागा आहे, तिथे त्यांचे थडगे आहे. दगडावर नाव आणि तारखा.